प्रश्न क्रमांक सात

प्रश्नावली मी तीनदा टाइप केली,
दोनदा मुतगेकर मॅडमनी लाल केली.
सातवा प्रश्न दोन्ही वेळा वाचला:
मातृभाषा (एकाच चौकटीत खूण करा).

खानापूरच्या बाजारात पहिल्याच दिवशी
रताळ्यांच्या ढिगामागून आवाज आला,
"सर्वे कशाचा गे? रेशनचा, का बॉर्डरचा?"
म्हटलं, प्रबंधाचा.
"पैसे कोण देतंय?"
कोणीच नाही.
"मग खरा असंल," म्हणाली गंगव्वा,
आणि पोतं सरकवून मला जागा केली.

सातव्यापाशी मात्र सगळे गप्प.
पानवाला उठून चुन्याची डबी शोधायचा.
एका रिटायर्ड मास्तरांनी उलट माझंच आडनाव विचारलं,
मग गाव, मग आईचं माहेर,
मग ते माहेर नदीच्या कुठल्या काठाला,
आणि मी माझ्याच नमुन्यातली एक नोंद होऊन
संध्याकाळच्या गाडीने परत आले.
बेचाळीस फॉर्म.
सातवा कोरा: एकोणतीस.

मॅडम म्हणाल्या, कोरं हीसुद्धा माहिती असते.
कोण कधी गप्प झालं, ते तारखेसकट लिही.
मला वाटलं, माझी समजूत घालतायत.

मग मी विचारणंच सोडलं.
गंगव्वाच्या तागडीशेजारी रेकॉर्डर ठेवून
नुसती बसून राहिले तीन बाजार.
सुनेला फोनवर शिव्या कन्नडात,
हिशेब मराठीत, उधारी आठवताना पुन्हा कन्नड,
आणि बुट्ट्या मोजायची वेळ आली की
गिऱ्हाईक बघून:
लाभ, दोन, तीन, चार...
लाभ, एरडु, मूरु, नाल्कु...
एक म्हणायचं नाही. ओंदुही म्हणायचं नाही.
पहिली बुट्टी दोन्हीकडे लाभच.

लायब्ररीच्या मागच्या कट्ट्यावर इरण्णा हुलकुंद
माझ्या कन्नड ओळी तपासून द्यायचा.
मजुरी एक चहा,
जोडाक्षरं जास्त असली तर दोन.
त्याचा स्वतःचा प्रबंध चौथ्या प्रकरणात
दोन वर्षं रुतून बसलेला,
त्याविषयी आम्ही बोलायचो नाही.

तक्ता भरताना रात्री अडले.
डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. लाभ कुठं?
डावीकडे टाकला, टक्केवारी हलली.
उजवीकडे टाकला, पुन्हा हलली.
दोन्हीकडे टाकला तर बेरीज शंभराच्या वर.
"बिडु गा," इरण्णा म्हणाला, "काढून टाक.
परीक्षक काय बुट्ट्या मोजायला येतोय?"
काढला. बेरीज शंभर आली.
झोप आली नाही.

सकाळी मॅडमना फोन लावला, त्या बसमध्ये होत्या.
सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ
फक्त कंडक्टर: पुढं सरका, मुंद होग्री, पुढं सरका.
मग मॅडम,
"चुकू दे बेरीज.
का चुकली ते तक्त्याखाली लिही,
आणि तिसरं प्रकरण तिथून सुरू कर.
ऐकू येतंय ना? सातवा प्रश्न मीच काढायला हवा होता.
तेही लिही."

पाच प्रती बांधून झाल्या, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
एक पिशवीत घालून बाजारात नेली.
गंगव्वाने हात पुसले,
आधी प्रत तागडीत ठेवली.
"दीड किलोला कमी हाय," म्हणाली,
आणि एक रताळं घालून काटा सरळ केला.
"यात मी कुठं?"
पान सत्त्याऐंशी, तळटीप एकवीस.
मी बोट ठेवून दाखवलं.
त्या बारक्या अक्षरांकडे तिने बराच वेळ पाहिलं.
"तळाशी का गे?"

मी पोत्यावर टेकले,
पिशवीतून पेन काढलं,
आणि तारीख घातली.